मोठमायचं चिंधीचं बोट

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमची मोठमाय डाव्या हाताच्या एका बोटाला चिंधी बांधायची. पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या उघड्या मैदानावर, लाल मिरच्यांच्या ढिगाशी बसून दिवसभर देठ खुडणाऱ्या बायकांच्या हातांची नुसती आग व्हायची. हिचं हे एक बोट मात्र पंगतीतल्या जावयासारखं वेगळं, फुगून बसलेलं असायचं. मुकादमाने विचारलं तर ती न बघताच सांगायची, “लागेल शे,” म्हणजे लागलंय. पंधरा वर्षांत तीन मुकादम बदलले, जखम तीच राहिली. खरी गोष्ट अशी की ते तिचं मिसरीचं बोट होतं. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटाने दात-हिरड्यांवर घासत बसायचं, ही मिसरी. मिरचीचं बोट हिरडीवर फिरवलं तर काय होतं, याचा अनुभव तिने एकदाच घेतला होता. तेव्हापासून चिंधी.

मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा मी लहान असतानाच गेले. तिची दोन्ही मुलं बायकापोरांसह सुरतला, माझे वडीलही सुरतलाच यंत्रमागावर. ते दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, यायचे, चार दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. त्यामुळे पथाऱ्यांच्या मागच्या वस्तीतल्या आमच्या अंगणात खोल्या दोन, चुली दोन, बाया दोन आणि पोर एक, असा संसार होता. ती पोर म्हणजे मी.

सकाळी मिसरी लावून होईपर्यंत मोठमाय कुणाशी बोलत नसे. बोलणार कशी, तोंड भरलेलं. मागच्या दाराच्या पायरीवर बसून ती पाव तास बोट फिरवत राही आणि तेवढ्या वेळात सगळं घर भुवयांवर चालवी. एक भुवई वर गेली म्हणजे बकरी सुटली. दोन्ही गेल्या म्हणजे दूध उतू चाललं. डोळे मिटून मान हलवली म्हणजे शेजारची बाई काहीतरी मागायला आली आहे, तिला सांग मी घरी नाही. ती बाई समोर उभी असली तरी हाच निरोप. मला ही भाषा इतकी पाठ झाली होती की शाळेत बाईंच्या भुवया हलल्या तरी मी उठून उभी राहायची.

मिसरी भाजायचा दिवस ती वाऱ्यावरून ठरवायची. पथाऱ्यांवरून मिरचीचा खाट, तो नाकात झोंबणारा खकाणा, आमच्या वस्तीकडे येत असला की तिचा तवा चुलीवर चढलाच. गल्लीभर लोक ठसकायचे, डोळे पुसायचे, मिरचीवाल्या व्यापाऱ्यांना नावं ठेवायचे. मोठमायही दारात येऊन त्यांच्यासोबत नावं ठेवायची, पदर नाकाला लावून. एवढी सराईत बाई मी नंतर पाहिली नाही.

आता तिचं आणि माझ्या आईचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. माझ्या नवव्या-दहाव्या वर्षी दोघींनी चुली वेगळ्या केल्या. वाटणीत घरातला पाटा आईकडे आला आणि वरवंटा मोठमायकडे गेला. कुणी कुणाला आपला दगड देईना. दोघींनी बाजारातून आपापल्या दगडाला नवा जोडीदार आणला आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं. गंमत म्हणजे पथारीवर दोघी शेजारीशेजारीच बसायच्या, कारण ती जागा दोघींची फार जुनी होती आणि उठून दुसरीकडे जाणं म्हणजे हार. दिवसभर मांडीला मांडी लावून बसायचं आणि जे काय बोलायचं ते हातातल्या मिरचीला सांगायचं. आई एका मिरचीला म्हणायची की काही घरांचा धूर फार काळा असतो. मोठमाय दुसऱ्या मिरचीला सांगायची की काही लोकांचं नाक फार लांब असतं.

घरी मिरच्या नव्हत्या, तिथे मी होते. मोठमायला सांग, तिची बकरी आमच्या तुळशीत येते. तुझ्या मायला सांग, तुळस अंगणाच्या मधोमध कुणी लावली. आई निरोप द्यायची आणि मी परत आले की उलटतपासणी घ्यायची: ती काय म्हणाली, कशी म्हणाली, तोंड कसं केलं होतं. खोटं सांगावं तर पकडली जायची, खरं सांगावं तर भांडण वाढायचं. आईवर मी रागावत नाही. नवरा पन्नास कोसांवर, दिवसभर हातांची आग, घरी येऊन पुन्हा चूल. तिच्याजवळ माझ्यासाठी जे उरायचं ते म्हणजे हा निरोप आणि ती तपासणी. पण तेव्हा मला एवढंच कळायचं की घरात माझ्याशी कुणी माझ्याबद्दल बोलत नाही.

तेराव्या वर्षी माझी दाढ दुखायला लागली. आई कामावरून थकून आली होती, म्हणाली, रविवारी बघू. मी रडत मोठमायकडे गेले. तिने चिमूटभर मिसरी माझ्या दाढेशी दाबली. दुखणं थांबलं, डोकं गरगरलं, मी तिच्या मांडीवरच झोपून गेले. दुसऱ्या दिवशी दुखत नव्हतं, तरी मी पायरीवर जाऊन बसले. तिने डबी पुढे केली. एकटीच्या सकाळीला कुणी सोबत मिळालं याचा तिला आनंद झाला होता, हे आता मला कळतं. “दिनमा एकदाव, बस,” तिने बजावलं, म्हणजे दिवसातून एकदाच. आमच्याकडे मिसरीला कुणी व्यसन म्हणत नसे. ते दात घासणं होतं.

खरं सांगायचं तर मला ती पूड पहिले काही दिवस मुळीच आवडली नाही. आवडला तो पाव तास. कारण तेवढ्या वेळात मोठमायचं तोंड भरलेलं असायचं आणि माझंही. ती निरोप देऊ शकत नव्हती, मी नेऊ शकत नव्हते. आई आतून हाक मारायची, मी तोंडाकडे बोट दाखवायची आणि आईला वाटायचं दात घासते आहे. दोघी काळ्या तोंडाने पायरीवर बसून चिमण्या बघायचो. ती मधूनच कोपराने मला ढोसायची आणि एका भुवईने गल्लीतल्या कुणाची तरी अशी नक्कल करायची की हसताना माझ्या फ्रॉकवर काळे शिंतोडे उडायचे.

पण तंबाखूला पाव तास पुरत नाही. नववीत जाईपर्यंत माझ्याकडे माझी डबी होती, कुंकवाची रिकामी. मधल्या सुट्टीत एकदा, शाळा सुटल्यावर एकदा, आई-मोठमायचा मोठा खटका उडाला तर आणखी एकदा. नाही मिळाली तर हात थरथरायचे आणि कुणाच्याही अंगावर जावंसं वाटायचं. भूक मेली. मोठमाय विचारायची, एकदाच ना? मी मान हलवायची. मी तिच्या साठ्यातून डबी भरून घेते, हे तिला दिसत नसेल असं नाही. भाजणारी तीच होती. पण पोर सकाळी येऊन बसते आहे, ते मोडायला नको, म्हणून तिने भुवया खाली ठेवल्या. तिच्या आयुष्यातली एवढी एक गोष्ट मी तिला चेष्टेत माफ करू शकत नाही.

माझं गुपित शेवटी माझ्याच शहाणपणाने फुटलं. हंगामात रविवारी मीही पथारीवर जायची. एके रविवारी मी आई आणि मोठमायच्या मध्ये बसले, ओढणीचा काठ फाडला आणि सवयीने डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळला. आई देठ खुडता खुडता थांबली. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग पलीकडच्या बोटाकडे. पंधरा वर्षांची जखम आणि तिच्याशेजारी नवी कोरी जखम. चार वर्षांत पहिल्यांदा ती मिरचीला न सांगता थेट मोठमायला म्हणाली, “मन्ही पोरले काय लाई दिधं तू?”

मोठमायने चिंधीचं बोट पदराखाली घेतलं.

आईने मला घरी नेलं, मारलं, डबी चुलीत टाकली आणि तिचा धूर गल्लीभर झाला, तेव्हा वारा नेमका उलट दिशेचा होता. मोठमायच्या दाराकडे बघायचं नाही, असा हुकूम निघाला. आईला वाटलं, दार बंद झालं की प्रश्न मिटला. झालं उलटंच. आता पायरी नव्हती, चिमण्या नव्हत्या, नुसती तंबाखू राहिली. वरच्या वर्गातल्या मुलींकडून पुड्या मिळत. संडासात, भिंतीमागे, दप्तरात तोंड घालून मी दिवसातून सात-आठदा लावू लागले. एके सकाळी प्रार्थनेला उभी असताना खाली कोसळले. शाळेत तपासणीला डॉक्टर आले होते, त्यांनी माझं तोंड उघडून पाहिलं आणि आईला बोलावून घेतलं. खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा होता. आत्ता थांबली तर भरून येईल, ते म्हणाले, नाही थांबली तर पुढे काय होईल ते मी सांगत नाही. रात्रीच्या भाकरी आईने दोनदा जाळल्या.

दुसऱ्या दिवशी मोठमाय आमच्या उंबऱ्याशी आली. हातात वरवंटा. आईने आधी मला मागे ओढलं, कारण जाऊ वरवंटा घेऊन आली म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार. मोठमायने तो वाकून आमच्या पाट्यावर ठेवला, जुन्या पाट्यावर जुना वरवंटा, आणि उभी राहिली. मिसरी न लावता आली होती. ओठ कोरडे पडले होते.

“मीच लाई दिधी,” ती म्हणाली, “मीच सोडाडसू. फक्त सकायले तिले मन्हाजोडे बठू दे.”

आई बराच वेळ पाट्याकडे बघत राहिली. तिला काय काय बोलायचं असेल ते मला दिसत होतं. मारून पाहिलं होतं, कोंडून पाहिलं होतं, तिसरा उपाय तिच्याजवळ नव्हता. शेवटी म्हणाली, “मी बी बठसू.”

अशी आमच्या मागच्या पायरीवर तिघींची बैठक सुरू झाली. अट एकच होती: डबी एक, ती मोठमायच्या हातात, आणि तिच्यातलं मिळेल तेवढंच. बाहेरची पुडी सापडली तर बैठक बंद. आई कडेला बसून पांढरं दंतमंजन लावायची आणि आम्हा दोघींकडे पोलिसासारखी बघायची. पहिले आठ दिवस कुणी बोललं नाही. मग एक दिवस मोठमायने भुवईने कुणाची तरी नक्कल केली आणि आईला मंजनासकट ठसका लागला. दंतमंजनाची पांढरी फवारणी अंगणभर झाली. त्या दिवशी आईने मला विचारलं की तुला शाळेत कोणता विषय आवडतो. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत मला एक गोष्ट जाणवत होती: मिसरीची चव बदलत चालली होती. खारट लागायची. डोकं पूर्वीसारखं गरगरत नव्हतं. मी तक्रार केली की मोठमाय तंबाखूवाल्याला शिव्या द्यायची, यंदाचा मालच हलका आला आहे म्हणायची. त्याच दिवसांत तिचा स्वभाव मात्र कमालीचा बिघडला. ती मुकादमाशी भांडली, बकरीशी भांडली, छपरावरच्या कावळ्याशी तर रोजच भांडायची. हातातल्या काकणांना आपोआप आवाज यायचा, इतके हात थरथरायचे. आम्हाला वाटलं, वय झालं.

आखाजीला वडील सुरतेहून आले, कडुलिंबाला झोका बांधला गेला. मी झोक्यावर होते आणि मोठमाय झोका देत होती. चार झोके झाल्यावर ती मागून सहज म्हणाली, “महिनाभरपाईन तू कोयसा लाई ऱ्हायनी, बई.” मी पायाने झोका थांबवला. मग तिने सांगितलं. पहिल्या आठवड्यात तंबाखूत बाभळीच्या कोळशाची चिमूट घातली, दुसऱ्या आठवड्यात मूठ. चव लपवायला मीठ. असं वाढवत वाढवत महिनाभरापूर्वी तंबाखू संपली होती. डबी एकच होती, मला संशय यायला नको म्हणून ती स्वतः त्याच डबीतलं लावत होती. कावळ्याने काय पाप केलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मला फसवल्याचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की हात थरथरत नाहीत आणि भाकरी तीन जातात. चट्टा पावसाळ्यापर्यंत फिका पडला, दिवाळीत डॉक्टरांनी पुन्हा पाहून शाबासकी दिली. ती त्यांनी मला दिली. मी त्यांना कोळशाचं सांगितलं नाही, त्यांच्या शिकण्यात ते नसावं.

इथे मोठमायला देवी करून संपवता आलं असतं, पण तिनेच सोय ठेवली नाही. मला कोळशाचं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने वारा बघून तवा चढवला. महिनाभर अंगात तंबाखू नव्हती, सुटली होती. तरी पुन्हा धरली. मी रागावले तर म्हणाली, “मन्ही गोष्ट अलग शे.” का अलग, ते तिने कधीच सांगितलं नाही. एवढंच केलं की माझ्यासमोर पुन्हा लावली नाही. ती आता बकरीच्या गोठ्यात जाऊन लावायची आणि काळं बोट पदराखाली धरून बाहेर यायची, आणि आम्ही सगळे ते न दिसल्यासारखं करायचो. हंगाम आला की चिंधीही आली. तिची आणि आईची भांडणं मात्र आता थेट होऊ लागली, मोठ्याने, मध्ये मला न घालता. घरात दोन पाटे आणि दोन वरवंटे झाले होते, त्यातला कोणता कुणाचा यावरून.

मी शिकले, आता धडगावकडे शाळेत शिकवते. घाटातून जीपने जाताना शेजारी बसलेला माझाच आठवीतला विद्यार्थी गालात काहीतरी दाबून बसलेला असतो, वर्गात एखादी मुलगी ओठ मिटून उत्तर देते. दप्तरं तपासायचा फतवा अधूनमधून निघतो, मीही तपासते. पण नंतर त्या पोराला बाजूला घेऊन मी विचारते, सकाळी घरी कुणाजवळ बसतोस? बहुतेक वेळा ते पोर माझ्याकडे वेड्यासारखं बघतं. कधी कधी रडायला लागतं. मग मला पुढचं काम कळतं, कुठल्या पाड्यावर जायचं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर बोलवायचं ते. दोन-तीनदा जमलं आहे. बऱ्याचदा जमत नाही.

मोठमायच्या तोंडात मागच्या वर्षी जखम झाली, या वेळची खरी. तिची मुलं तिला सुरतला न्यायला आली होती. ती गेली नाही. तिला भरवणं, पुसणं, उठवणं आईच करायची. मिसरी बंद झाली आणि ती अन्नापेक्षा तिलाच मागायची. आई नाही म्हणायची, मग दोघी रडायच्या. मी सुट्टी घेऊन घरी आले. बाभळीचं लाकूड जाळलं, कोळसा विझवला आणि अंगणातल्या त्या जुन्या पाट्यावर जुन्या वरवंट्याने मऊसूत वाटला, मीठ घातलं आणि तिच्या डबीत भरलं. सकाळी आईने आणि मी तिला उचलून मागच्या पायरीवर बसवलं. तिने डबी उघडली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी चिमण्यांकडे बघत होते. तिने दुखरी बाजू चुकवून, हळूहळू, पाव तास बोट फिरवलं. भुवया जागच्या जागी होत्या. मग चूळ भरली, पदराने तोंड टिपलं आणि म्हणाली,

“मीठ कमी पडनं.”

माझी सुट्टी संपली, मला परत जावं लागलं. डबी आईकडे दिली. मिसरीच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलेली माझी आई त्यानंतर दर आठवड्याला जावेसाठी कोळसा वाटत होती. धडगावला रेंज मिळाली की मी फोन करायची. मोठमायला बोलणं जड जायचं, म्हणून तिचा निरोप आता आईच सांगायची. शेवटचा फोन झाला तेव्हा मी विचारलं, कशी आहे? आईच्या मागे चिमण्यांचा आवाज येत होता, म्हणजे दोघी पायरीवरच होत्या.

“आज मीठ बरोबर पडनं, म्हनी,” आई म्हणाली.